साडेचारच्या आत डुब्रोवनिक

क्रूझवरून पहिल्यांदाच उतरणाऱ्याने एक गोष्ट आधी समजून घ्यावी. जहाज लागतं ते बहुतेक वेळा ग्रूझ बंदरात. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरचं तटबंदीचं शहर तिथून तीनेक किलोमीटर लांब आहे. तेव्हा धक्क्यावर उतरून, समोरची मालाची कोठारं बघून ‘हेच का ते?’ असं मोठ्याने विचारू नये. बस पकडावी, १ए किंवा १बी. पिले वेशीपाशी सगळी बस रिकामी होते, त्यामुळे चुकायची भीती नाही. काही जहाजं लोक्रुम बेटाजवळ नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी थेट जुन्या धक्क्यावर नेऊन सोडतात. ते भाग्य तुमच्या वाट्याला आलं असेल तर बसचा वाचलेला वेळ बोटीच्या रांगेत घालवावा.

न्याहारी जहाजावरच दाबून करावी. स्त्रादूनवर, म्हणजे शहराच्या मुख्य रस्त्यावर, बसून मागवलेल्या कॉफीत खुर्चीचं भाडंही धरलेलं असतं. चपला मात्र विचार करून घालाव्यात. रस्ता चुनखडीच्या फरशांचा आहे आणि शेकडो वर्षांच्या पायांनी तो इतका गुळगुळीत झालाय, की कोरड्या दिवशीही ओला वाटतो. पावसात तर विचारूच नका. कधीकाळी इथे खाडीचा चिंचोळा पट्टा होता. एका बाजूला खडकावरची रगुसा, म्हणजे जुनं डुब्रोवनिक, दुसऱ्या बाजूला मुख्य भूमी. मधलं पाणी बुजवलं आणि त्यावर हा रस्ता आला.

वेशीत रेटारेटी असेल. तुमच्याआधी आलेले लोक बाहेर पडत असतील आणि त्यांच्या चेहऱ्यावर ‘अजून आलेच का हे’ असा भाव असेल. तो भाव शहराचाही आहे. २०१९ पासून एका वेळी दोनच मोठी क्रूझ जहाजं लागू द्यायची, असं शहराने कंपन्यांशी बोलून ठरवून घेतलंय. याचा राग मानू नये. पाहुण्यांना मोजूनमापून आत घेणं ही इथली जुनी रीत आहे. १३७७ साली रगुसाच्या गणराज्याने कायदाच केला: साथीच्या मुलखातून आलेल्याने आधी महिनाभर बाहेर राहायचं, मर्कान बेटावर नाहीतर त्साव्ततला, आणि मगच शहरात पाऊल टाकायचं. पुढे प्लोचे वेशीबाहेर त्यासाठी पक्क्या इमारती बांधल्या, त्या अजून उभ्या आहेत. आपण २०२० मध्ये जे हॉटेलच्या खोलीत, स्वतःच्या खर्चाने शिकलो, ते इथल्या व्यापाऱ्यांना साडेसहाशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

आत शिरताच ओनोफ्रिओचा कारंजा लागतो. १४३८ चं काम. घुमटासारखा दगडी डेरा, भोवती सोळा कोरीव मुखं आणि त्यांतून पडणारं पिण्याचं पाणी. बाटली इथेच भरून घ्यावी. आजच्या दिवसात फुकट मिळणारी ही बहुधा एकमेव वस्तू.

समोरच फ्रान्सिस्कन मठाच्या बाजूला भिंतीशी एक घोळका दिसेल आणि त्यात कुणीतरी शर्ट काढत असेल. घाबरू नये. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर भिंतीतून एक दगडी डोकं बाहेर आलंय, पन्हाळीचं तोंड. त्याचा माथा पायांनी घासून घासून चकचकीत झालाय. त्यावर उडी मारून, भिंतीकडे तोंड करून, तोल सांभाळत शर्ट काढला तर प्रेमात यश येतं म्हणतात. माथा जेमतेम एका पावलाएवढा, भिंतीला धरायला काही नाही, आणि माणूस शर्टात डोकं अडकलेल्या अवस्थेतच खाली येतो. विवाहितांनी हा प्रयोग करू नये. यश आलं तर स्पष्टीकरण देणं अवघड जाईल. पडल्यास मठातच १३१७ पासूनचं औषधाचं दुकान आहे, आजही मलमं विकतं.

आता थोडा इतिहास, कारण गाइड तो सांगणारच आणि तुम्ही तेव्हा फोटो काढत असणार. रगुसाचं गणराज्य कुणावरही विश्वास ठेवत नसे, आणि ते अत्यंत सभ्यपणे. राज्याचा प्रमुख, रेक्टर, एकाच महिन्यासाठी निवडला जाई आणि त्या महिन्यात सरकारी कामाखेरीज त्याला वाड्याबाहेर पडायची परवानगी नसे. शहराबाहेरचा लोवरियेनाट्स किल्ला बघा. समुद्राकडची भिंत बारा मीटर जाड आणि शहराकडची फक्त साठ सेंटिमीटर, म्हणजे किल्लेदार फितूर झालाच तर आपल्याच तोफांनी त्याला आतून उडवता यावं. त्याच किल्ल्याच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, की जगातल्या सगळ्या सोन्याच्या बदल्यातही स्वातंत्र्य विकू नये. हे वाचून भारावून जावं. मग हेही लक्षात घ्यावं, की पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून हे गणराज्य तुर्की सुलतानाला वर्षाला साडेबारा हजार सोन्याची नाणी खंडणी भरत होतं. स्वातंत्र्य विकलं नाही, हप्त्यावर ठेवलं. ते टिकलंही, १८०८ मध्ये नेपोलियनच्या सेनापतीने गणराज्य मोडीत काढेपर्यंत.

या शहराचा रक्षणकर्ता संत म्हणजे सेंट ब्लेझ. त्याच्या चर्चमधल्या चांदीच्या मूर्तीच्या हातात शहराची छोटी प्रतिकृती आहे, १६६७ च्या भूकंपाने उद्ध्वस्त होण्याआधीच्या शहराची. गोव्याचे वाचक इथे थांबतील. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सांव ब्राझचं चर्च आहे, तोच हा संत. सोळाव्या शतकात गोव्यापर्यंत पोचलेल्या रगुसाच्या व्यापाऱ्यांशी त्या चर्चचं नातं सांगतात. तेव्हा गटातल्या एखाद्या गोंयकाराने इथे ‘हो आमचो’ म्हटलं तर वाद घालू नये.

जेझुइट पायऱ्यांवर गर्दी कशाची, हे विचारू नये. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेचं चित्रीकरण तिथे झालंय.

उरलेला वेळ तटासाठी ठेवावा. १९४० मीटरचा फेरा आहे, जागोजागी पंचवीस मीटर उंच. तिकीट चाळीस युरोच्या घरात. यावर नवरा-बायकोत होणारी चर्चा तिकीटखिडकीपासून जरा लांब करावी, मागे रांग असते. चालायची दिशा एकच, घड्याळाच्या उलट. म्हणजे प्रदक्षिणा उलटी पडते. मन घट्ट करून चालावं. सावली नाही, टोपी हवी.

मिन्चेता बुरुजावरून खाली छपरं दिसतात. नीट बघा, कौलं दोन प्रकारची आहेत. बरीचशी भडक नारिंगी आणि एकसारखी. मधूनमधून काही फिकट, पिवळट-तपकिरी, डागाळलेली, एका ओळीतली दोन जुळत नाहीत अशी. ती जुनी. नारिंगी बहुतेक १९९१ नंतरची. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात युगोस्लाव सैन्याने शहराला वेढा घातला, आणि ६ डिसेंबरला सर्वांत मोठा मारा झाला. वेढ्यात जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ वर तोफगोळे पडले. युनेस्कोच्या वारसायादीत शहर १९७९ पासून होतं, त्याने काही अडलं नाही. इथे सूचना अशी काही नाही. मागचे ढकलत असले तरी सेल्फी जरा नंतर काढावा.

परत जाताना घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावलंय ना, हे बघून घ्यावं. बसला पिलेपाशी गर्दी असते, म्हणून जहाजावर परतायची वेळ ‘साडेचार’ म्हणजे वेशीतून तीन वाजता निघणं. कंपनीच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुम्ही आपले आपण गेला असाल तर नाही. जहाज चुकलं आणि पुढचा थांबा मॉन्टेनेग्रोतलं कोटोर असेल तर तिथे रस्त्याने जाता येतं. मधे सरहद्द आहे, उन्हाळ्यात तिथे गाड्यांची रांग असते, आणि तुमचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तिथून मागे फिरणं नाही. तेव्हा उशीर झालाच तर ग्रूझच्या धक्क्यावर पळावं. वर कठड्यावर जेवून तृप्त झालेले सहप्रवासी उभे असतील, टाळ्या वाजवतील, व्हिडिओ काढतील. त्यांच्याकडे बघून हात हलवू नये, त्यात वेग कमी होतो.