ताम्हिणी घाटात डिकी उघडणाऱ्या सद्गृहस्थांस

राजमान्य राजश्री,
काळ्या, सनरूफवाल्या, एमएच १२ गाडीचे मालक व चालक यांसी,
सा. न. वि. वि.

आपलं नाव मला माहीत नाही. गाडीचा नंबर पाठ आहे, पण तो इथे छापत नाही. आमच्याकडे अजून तेवढी रीत शिल्लक आहे. पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय, कारण त्या आषाढातल्या रविवारी मी आपल्याशी समोरासमोर बोलायला आलो होतो आणि आपल्या डिकीतल्या स्पीकरपुढे माझं काही चाललं नाही. आपण माझ्याकडे बघून अंगठा वर केलात. मला वाटतं, मी गाण्याची तारीफ करतोय असा आपला समज झाला.

ओळख पटावी म्हणून सांगतो. आपल्या मागे अडकलेल्या रांगेत एक जुनी पांढरी वॅगनआर होती. तीत पन्नाशी उलटलेले चार मित्र, एक थर्मास आणि दोन छत्र्या होत्या. त्यातली एक उघडत नाही. बेत अगदी साधा. सकाळी लवकर कोथरूड सोडायचं, पौडला मिसळ खायची, मुळशीचं भरलेलं पाणी बघत घाट उतरायचा, खाली विळ्याच्या बाजूला कुठेतरी जेवायचं आणि दिवेलागणीला घरी. चांदणी चौकात न अडकता आम्ही बाहेर पडलो, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरमध्ये मध्यरात्री स्फोट करून पाडला, पुढच्या ऑगस्टमध्ये नवे रस्ते खुले झाले, तेव्हापासून तिथली कोंडी भूगाव, भुकूम करत पिरंगुटला राहायला गेली आहे. तीही आम्ही पार केली. मिसळही झाली. त्यानंतरचा दिवस मात्र आपल्या मालकीचा झाला.

डोंगरवाडीजवळच्या एका वळणावर आपण थांबलात. कडेला घ्यायला जागा होती, पण कडेला चिखल होता आणि आपले बूट पांढरे होते. तेव्हा आपण गाडी डांबरावरच ठेवलीत आणि चारही इंडिकेटर लावलेत. या चार दिव्यांबद्दल मला फार आदर आहे. ते टिकटिकायला लागले की पुण्याची गाडी कुठेही उभी राहू शकते: वळणावर, पुलावर, दवाखान्याच्या दारात, भर लक्ष्मी रोडवर. मोटार वाहन कायद्यात हे कलम कुठे आहे ते मला सापडलेलं नाही, पण शहरातल्या प्रत्येक चालकाला ते तोंडपाठ आहे. आपली गाडी थांबलेली पाहून मागून येणाऱ्या दोघांना वाटलं, बघण्यासारखं काहीतरी असणार. तेही थांबले. समोरून येणाऱ्यांनाही तसंच वाटलं. वळणावरच्या धबधब्याला पाणी बेताचंच होतं हो, तंगडीएवढी धार. पण गाड्या इतक्या झाल्या की तो प्रेक्षणीय ठरला.

मग डिकी उघडली. मग गाणं लागलं. आपले एक मित्र सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर आले आणि दोन्ही हात पसरून पावसाला सामोरे गेले. पाऊस त्यांच्या दोन्ही बाजूंनी गाडीत पडत होता. मागच्या सीटवरच्या मुलीने पायाखालची रबरी मॅट उचलून डोक्यावर धरली होती आणि ती मॅटखालूनच या सोहळ्याचं शूटिंग करत होती. एवढी चिकाटी आमच्या पिढीत नव्हती, हे मान्य करतो.

बाकीच्या गोष्टींवर शाई घालवत नाही. कुरकुऱ्यांची पाकिटं ओढ्यात गेली, बाटल्या दगडावर फुटल्या, एकाने माकडाला मॅगी दिली, कुणाचा तरी ड्रोन झाडात अडकला. हे अभयारण्य आहे, २०१३ साली तसं जाहीर झालंय, त्याची पाटीही आहे. त्या पाटीवर आपल्या एका मित्राचा टॉवेल वाळत घातलेला होता. पडत्या पावसात.

आमच्यातल्या एकाला साखरेचा आजार आहे. तासाभराने त्याला जिथे जायचं होतं तिथे जायला आडोसा नव्हता आणि प्रेक्षक मात्र भरपूर होते. न उघडणारी छत्री त्याने जबरदस्तीने उघडली. यापुढचा तपशील त्याच्या विनंतीवरून गाळत आहे.

आपल्यातल्या एका जाणकाराचं वाक्य मात्र मी ऐकलं. गावातली दोन पोरं काठ्या घेऊन गाड्या हलवायला आली, तेव्हा तो म्हणाला, 'सरकारने इथे पार्किंग का नाही केलं?' प्रश्न बिनतोड आहे. सरकारने सह्याद्री आणखी थोडा सपाट करायला हवा होता. पण सरकार अगदीच झोपलेलं नसतं. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचंच एक कुटुंब वाहून गेलं, त्यात लहान मुलं होती. त्याच्या आदल्याच दिवशी याच ताम्हिणीत एका तरुणाने धबधब्याखालच्या डोहात उडी मारली होती. तो प्रवाहात वाहून गेला. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघाले. वर्षभराने, १५ जून २०२५ला, कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या ओझ्याने कोसळला आणि चार जण गेले. तोही रविवार होता. असे आदेश दर पावसाळ्यात निघतात, आणि वाहनं रस्त्यात उभी करू नका, मोठ्याने गाणी लावू नका, हेही त्यात असतं. आदेश निघाला की आपण तो एकमेकांना फॉरवर्ड करतो आणि खाली लिहितो, 'बंद व्हायच्या आत जाऊन येऊ या.'

असो. हे सगळं मी गिळलं असतं. आम्ही थर्मासमधला चहा संपवला असता, राजकारणावर भांडलो असतो आणि संध्याकाळी आपल्याला शिव्या देत घरी गेलो असतो. पण आपल्या गाडीच्या बरोब्बर मागे एक पिकअप होता. तो आपण पाहिलात का? मला वाटतं पाहिलात, कारण त्याच्या चालकाने दोनदा हॉर्न दिला तेव्हा आपण पाच बोटं दाखवलीत. पाच मिनिटं. शेवटचा एक व्हिडिओ.

त्या पिकअपमध्ये भाताची रोपं होती. नुकती उपटलेली, मुठी-मुठींनी बांधलेली, मुळांना काळा चिखल तसाच. त्या ढिगाच्या कडेकडेने सात-आठ बाया दाटीवाटीने उभ्या होत्या. डोक्यावरून कंबरेपर्यंत खताच्या गोणीच्या खोळी; एकीकडे तेवढं जुन्या पद्धतीचं इरलं होतं. लावणीला निघाल्या होत्या. हल्ली माणसं मिळत नाहीत, म्हणून एका वाडीच्या बाया दुसऱ्या वाडीच्या खाचरात न्याव्या लागतात. तिकडे चिखलणी करून खाचर तयार ठेवलेलं असतं. तो चिखल फार वेळ वाट बघत नाही, खाली बसायला लागतो, घट्ट होतो, आणि मग रोप रोवताना बोटं सोलतात. उपटलेलं रोपही वाट बघत नाही. सगळ्या हंगामात हे मोजकेच दिवस, आणि त्यातला एक दिवस तू खाल्लास.

होय, तू. आपण-बिपण आता पुरे. अरे, दोन तास! दोन तास त्या बाया उभ्या होत्या, तुझ्या डिकीपासून आठ-दहा हातांवर, आणि तू त्यांच्याकडे पाठ करून नाचत होतास. त्यांची मजुरी कापली गेली असेल. ज्याचं खाचर होतं तो बांधावर उभा राहून रस्त्याकडे बघत असेल. मुळशीचा आंबेमोहोर म्हणून तू दुकानात चढा भाव देतोस ना, तो असा येतो. पिकअपमधून, तुझ्या मागे उभा राहून. आणि एक सांगतो. तुझ्या व्हिडिओच्या मागे धुक्यात जे चकाकणारं पाणी येतं ना, ते तळं देवाने घातलेलं नाही. तिथे या बायांच्या पणज्यांची भातशेती होती. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी मुळशीचं धरण बांधायला घेतलं, तेव्हा १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. तरी धरण झालं, गावं बुडाली, पाणी डोंगराखाली भिऱ्याला उतरलं आणि वीज मुंबईला गेली. उरली ती ही चढ-उतारावरची खाचरं आणि हा एक रस्ता. तेवढा तरी सोड त्यांना!

हे सगळं मी तिथे, पिकअपच्या फाळक्याला धरून, पावसात भिजत बोललो. जोरात बोललो. तू ऐकलं नाहीस, पण इरल्यातल्या म्हातारीने ऐकलं. ती माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघत म्हणाली, 'नाचू द्या हो. तिकडं जागा नसंल त्यांना.'

मी गप्प बसलो. राग गेला नाही, पण तो धरायला जागा सापडेना.

कारण खरंच, कुठे आहे जागा? माझा आपला अंदाज. तू वाकडला नाहीतर बाणेरला राहत असशील. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीच्या रस्त्यावर तू अशाच रांगेत बसतोस, फक्त तेव्हा पुढे नाचणारं कुणी नसतं. घरी यावं तर सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी: ओल्या चपला घालून येऊ नये. पार्किंगमध्ये खेळू नये. गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरीकडे. नदीकाठी जावं तर वास येतो. गाणं लावलं की वरचा माणूस ग्रुपवर नियमावली टाकतो. आणि पाऊस म्हणावा तर आपल्या शहराच्या वाट्याला तो येतोच किती? डोंगर ओलांडून येईपर्यंत ढग हलके झालेले असतात. वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर, त्यातही निम्मी भुरभुर. ताम्हिणीत २५ जुलै २०२४च्या सकाळपर्यंत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला. पुण्याचा पाऊण वर्षाचा पाऊस एका दिवसात! त्याच सकाळी खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीतली माणसं गळ्याएवढ्या पाण्यात जागी झाली. म्हणजे शहरात पाऊस भेटतो तो असा. रस्त्यात नाहीतर घरात. डोंगरावरून पडणारं, कुणाचंही नुकसान न करणारं पाणी अंगावर घ्यायला सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलाने जायचं कुठे? सनरूफमधला तुझा तो मित्र डोळे मिटून उभा होता. फोन त्याच्या हातात नव्हता. तेवढं एक मिनिट मला तो आवडला होता.

पण म्हणून रस्ता तुझा होत नाही. म्हातारी मोठ्या मनाची आहे, मी नाही. तिने माफ केलं तो तिचा प्रश्न. तिचे दोन तास गेले, माझी तर फक्त चिडचिड झाली आणि चिडचिड माफ करायची असते असं आमच्या पेठेत कुणी शिकवलं नाही.

शेवटी मार्ग कसा मोकळा झाला हे तुला कळलंच नसेल. तू म्हणत असशील, ट्रॅफिक आपोआप सुटला. गावातल्या त्या दोन पोरांनी मागच्या गाड्या एकेक करून मागे घेतल्या, चिखलात घुसून दगड लावले, समोरच्या एसटीला हाताने इंच-इंच आत घेतलं. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून आरशाची कड सांभाळत होता. पिकअप पुढे निघाला तेव्हा दुपार कलली होती. त्या पोरांपैकी एकाला तुझ्या मित्राने पाण्याच्या बाटल्या विकणारा समजून विचारलं, 'भाऊ, थंड आहे का?'

आम्ही घाट उतरलोच नाही. तिथूनच मागे फिरलो आणि पौडला जेवलो.

तर आता विनंती. नाचायला मनाई नाही, मनसोक्त नाचावं. पण डांबर सोडून. बूट काळे घ्यावेत, म्हणजे कडेच्या चिखलात उतरता येईल. मुळशीच्या पुढे गावकऱ्यांनी पैसे घेऊन गाड्या लावायला जागा केलेल्या असतात. तिथे गाडी ठेवून घाटात पायी हिंडावं, धबधबे पायीच जास्त दिसतात. गाणं इअरफोनवर लावावं, किंवा लावूच नये. पावसाचा आवाज फुकट आहे. खाचरात फोटोसाठी उतरू नये, ती लावलेली रोपं असतात, हिरवळ नव्हे. आणि मागे पिकअप दिसला, त्यात बाया उभ्या दिसल्या, तर बाकी सगळं राहू द्या, आधी गाडी बाजूला घ्या. भादव्यापर्यंत पाऊस आहे, धबधबा कुठे जात नाही. लावणी आठ-पंधरा दिवसांत संपते.

कळावे.

आपला,
पाठीमागचा