बोट ठेवायला जागा

लिनक्सच्या डेस्कटॉपवाल्यांची एक खोड आहे. प्रश्न यायच्या कितीतरी आधी उत्तर तयार ठेवायचं. आणि प्रश्न खरोखर दारात उभा राहिला, की उत्तर कुठल्या कपाटात ठेवलंय ते शोधत बसायचं.

२०१० मध्ये आयपॅड आला आणि सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. माऊस आता संपला म्हणे! २०११ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या ग्नोम या डेस्कटॉपचं नवं रूप, ग्नोम ३, आलं. मिनिमाइझचं बटण गायब, जुने मेनू गायब, पडदाभर ठसठशीत आयकॉन. त्याच महिन्यात उबुंटू या लिनक्सच्या अवताराने आपला युनिटी नावाचा डेस्कटॉप सगळ्यांच्या माथी मारला. बोटांच्या स्वागताची अशी जय्यत तयारी झाली.

टेबलावर मात्र माऊसच होता.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ग्नोम ३ चा जाहीर उद्धार केला आणि मुक्काम एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर हलवला. जुन्या ग्नोम २ च्या निष्ठावंतांनी तर वेगळी चूल मांडली. पुढे टोरवाल्ड्स ग्नोमवर परतलेही. ग्नोमच्या मूळ मांडणीत मिनिमाइझचं बटण मात्र अजून परतलेलं नाही.

मायक्रोसॉफ्टनेही हाच आगाऊपणा केला होता. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढलं, बोंबाबोंब झाली, वर्षभरात ८.१ मध्ये ते परत आणलं. पैसे मोजणारं गिऱ्हाईक ओरडलं की ऐकू येतं. फुकट वापरणाऱ्याला सांगतात, ‘एवढं वाटतंय तर कोड लिहून पाठव.’

केडीई या आणखी एका लिनक्स डेस्कटॉपच्या मंडळींनी २०१२ मध्ये थेट टॅबलेटच जाहीर केला. आधी नाव स्पार्क, मग बदलून विवाल्डी. बारसं दोनदा झालं, बाळ काही आलं नाही.

उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ त्याहून मोठं बोलले. फोन मॉनिटरला जोडा, त्याचाच डेस्कटॉप होईल! २०१३ मध्ये उबुंटू एज नावाच्या फोनसाठी लोकांकडे ३ कोटी २० लाख डॉलर मागितले, जमले सुमारे १ कोटी २८ लाख. २०१७ मध्ये फोन आणि युनिटी दोन्हींचा गाशा गुंडाळला आणि उबुंटू परत गेलं कुणाकडे? ज्या ग्नोम शेलला नाक मुरडून युनिटी काढलं होतं, त्याच्याचकडे.

बरं, डेस्कटॉप टचजोगा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आयकॉन मोठे केले की झालं?

माऊसचा बाण एका ठिपक्यावर टेकतो, बोट सेंटिमीटरभर जागा अडवतं. बाण नुसता वर आणून थांबवला तरी ‘हे बटण कशाचं’ ते कळतं. बोट असं हवेत तरंगत नाही. टेकलं की काम तमाम. बोटाला उजवं बटणही नाही. मग दाबून धरा, वाट बघा, मेनू आला तर नशीब. खिडकी मोठी करायची तर तिची केसाएवढी कडा पकडायची. बोट ठेवायला जागा नाही, हे कौतुक इथे शब्दशः खरं आहे.

त्यात बरेच जुने प्रोग्रॅम बोटालाही माऊसच समजतात. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या लिनक्सच्या जुन्या एक्स११ यंत्रणेवर फायरफॉक्स ब्राउझरचं बरीच वर्षं हेच चाललं होतं. पान वर सरकवायला बोट ओढावं, तर पान जागेवर आणि मजकूर निळा. उपाय होता, नाही असं नाही. एक आडवळणी सेटिंग स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचं. ब्राउझरला बोट ओळखता यावं म्हणून!

पडदा फिरवायचा खेळ तर और. टॅबलेट उभा धरला की चित्र आडवं, आडवा धरला की उलटं. कारण कुठल्या मॉडेलमध्ये सेन्सर कुठल्या दिशेने बसवलाय, हे लिनक्सला कळणार कसं? त्यासाठी मॉडेलवार यादी ठेवलेली असते, अगदी खरोखर. कारखान्यात सेन्सर तिरका बसतो, आणि त्याचा जमाखर्च जगभरचे हौशी लोक फावल्या वेळात मांडतात.

‘लिनक्सला टच जमलाच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी खिशातला अँड्रॉइड फोन काढून बघावा. आत कर्नल, म्हणजे गाभा, लिनक्सचाच आहे. डेस्कटॉपवाल्यांना तेवढं आमंत्रण नव्हतं.

आता सुधारणा झाली आहे, नाही कशाला म्हणा. प्युरिझम कंपनीच्या लिब्रेम ५ या लिनक्स फोनसाठी झालेल्या कामातून ग्नोमचे प्रोग्रॅम अरुंद पडद्यावर अंग चोरायला शिकले. मग माऊसवाले ओरडले, ‘एवढी रिकामी जागा कशाला? बटणं एवढी जाडी कशाला?’ दहा वर्षांत भांडणाचा विषयसुद्धा बदलला नाही.

त्यातल्या त्यात शहाणपणा केडीई प्लाझ्माने केला. कीबोर्ड काढला की बटणांत अंतर वाढतं, लावला की पुन्हा आटोपशीर. दोघांना एकच माप शिवायचा हट्ट नाही. अर्थात कीबोर्ड काढल्याची वर्दी यंत्राने द्यायला हवी. काही यंत्रं देत नाहीत.

आणि पडद्यावरचा कीबोर्ड? तो यायला हवा तेव्हा येत नाही. आलाच तर ज्या चौकोनात लिहायचं, नेमक्या त्याच्यावरच बसतो. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर आणखी बहार. पासवर्ड विचारला जातो डेस्कटॉप सुरू होण्याआधी, आणि कीबोर्ड बहुतेक वेळा असतो डेस्कटॉपच्या आत.

मग जाणकाराला गाठावं. तो शांतपणे सांगतो, ‘सोप्पं आहे. यूएसबी कीबोर्ड जोडा, टर्मिनल उघडा आणि एवढी एक कमांड टाइप करा.’