डिअरकाकू

काकूंच्या तोंडून 'डिअर' ऐकलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

परदेशातल्या मराठी मंडळात ही बाई तुम्ही पाहिलेली असणारच. आमच्या नॉटिंगहॅमच्या काकू सगळ्यांनाच डिअर म्हणतात, कारण नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. पण मला खास आवाजात म्हणतात. इंग्लंडात 'डिअर' म्हणजे प्रिय, तसंच महाग. भाजीवाल्यासमोर टोमॅटोचा भाव वाचून म्हातारी 'टू डिअर' असं पुटपुटते, तेव्हा ती टोमॅटोवर प्रेम करत नसते. पहिला अर्थ मला शाळेत शिकवला होता, दुसरा काकूंनी शिकवला.

"डिअर, तुझी गाडी मोठी आहे ना?" म्हणजे मूर्ती, मखर, सतरंज्या आणि गुडघे दुखणारे तीन आजोबा मी आणायचे. पहिल्या गणपतीत त्यांनी विचारलं, "डिअर, मोदक वळता येतात?" नाही म्हणालो, सुटलो असं वाटलं. "मग खोबरं खवशील." त्या रात्री अकरा नारळ खवले. तेव्हापासून माझ्या हिशेबात एका डिअरचा भाव अकरा नारळ असा धरलेला आहे. अधूनमधून तो चढतो. 'डिअर डिअर' असं दोनदा आलं तर मी सरळ रजा टाकतो.

हे कसब त्यांना कुठून आलं, ते मागाहून कळलं. काकू बत्तीस वर्षं इथल्या इस्पितळात नर्स होत्या. सुई टोचण्याआधी म्हणायचं, "शार्प स्क्रॅच, डिअर." "डिअर म्हटलं की पेशंटचा दंड सैल पडतो," त्या अभिमानाने सांगतात. मी इतकी वर्षं दंड सैल सोडून बसलो होतो, हे मला तेव्हा उमगलं.

या विषयावर त्यांचं ज्ञान मात्र अफाट आहे. यॉर्कशरात बाप्यालाही बाप्या 'लव्ह' म्हणतो. न्यूकॅसलला 'पेट'. ग्लासगोला बाईला 'हेन', म्हणजे चक्क कोंबडी. ब्रिस्टलला 'माय लव्हर', आणि तेही गल्ल्यावरच्या बाईने, सुटे परत देताना, काकूंच्या देखत काकांना. काका बिचारे पावती न घेताच बाहेर पडले. काकूंनी तो विषय पुढे पंचवीस वर्षं पुरवून वापरला.

नॉटिंगहॅमचा शब्द 'डक'. बसवाला, पोस्टमन, दाढीवाला प्लंबर, सगळे एकमेकांना बदक म्हणतात. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला विणकर बॉटम नाटकातल्या नाटकात प्रेयसीचा रक्ताळलेला शेला बघतो आणि एका दमात तिला डकही म्हणतो, डिअरही. म्हणजे बदक चारशे वर्षांपूर्वीही लाडकंच होतं. इस्पितळात एकदा फतवा निघाला, की पेशंटला काय म्हणून हाक मारायची ते आधी त्यालाच विचारा. काकूंनी एका खाणकामगार आजोबांना अदबीने विचारलं. ते म्हणाले, "काहीही म्हण, डक."

"डक फुकट असतो," काकू म्हणतात. "डिअरचं तसं नाही. डिअर वरून खाली येतो." एप्रिल 2011मध्ये पंतप्रधान कॅमेरून यांनी भर संसदेत विरोधी बाकावरच्या अँजेला ईगल यांना 'शांत व्हा, डिअर' म्हणून गप्प करू पाहिलं आणि केवढा गहजब झाला. काकूंनी तेव्हा टीव्हीकडे बोट दाखवलं. "बघ. सुई दिसली?"

मी म्हटलं, "काकू, मग मला का टोचता?"

"तुझा दंड चांगला आहे, डिअर." त्या वर्षी सतरंज्या धुवायचंही माझ्याकडे आलं.

आपण तरी काय वेगळं करतो म्हणा. पुण्याचा कंडक्टर "मावशी, पुढे सरका" म्हणतो तेव्हा त्याला मावशीशी काही घेणंदेणं नसतं, पुढची जागा हवी असते. आपण अनोळखी माणसाला नातेवाईक करतो, हे लोक त्याला मध नाहीतर पाखरू करतात. सरकावं दोन्हीकडे लागतंच.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काका जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी कॅनडात. भेटायला गेलो तर पोरसवदा नर्स सुई घेऊन वाकली होती. "शार्प स्क्रॅच, डिअर." काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की त्या पोरीने सुई बाजूला ठेवून आधी त्यांचं नाव विचारलं. मग चहाची गाडी आली. "दूध घालू, डक?" असं त्या बाईने विचारलं आणि काकूंना एकदम भरून आलं. "घरी असले ना," त्या कप धरून म्हणाल्या, "की दिवसातून तेवढंच. बसमध्ये चढताना एकदा आणि उतरताना एकदा. म्हणून कधीकधी काम नसलं तरी मार्केट स्क्वेअरला जाऊन येते."

काय बोलावं कळेना. विचारलं, "काही आणू का?"

"नको रे बाळा."

बाळा! माझ्या पोटात गोळा आला. ना डिअर, ना नारळ, ना गाडी. बाई खरंच आजारी होती. मी उगाचच उशी सरळ केली, पाण्याचा पेला भरला, खुर्चीत बसून राहिलो. भेटीची वेळ संपत आली तसा कोट चढवला आणि दारापर्यंत पोचलो.

"डिअर..."

मी इतक्या झटकन वळलो की शेजारच्या आजीबाई दचकल्या.

"माझ्या घराची किल्ली त्या पिशवीत आहे बघ. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घाल. सव्वीस आहेत. तुळस घरात घे, थंडी फार आहे. आणि डिअर, मांजराचं तोंड जरा वाकडं आहे, त्याला हातानं भरवावं लागतं."

दोन डिअर. बावीस नारळ. मी किल्ली खिशात टाकली.