काय बाई, भूकसुद्धा आता हार्मोनचीच!

काय दिवस आलेत! पूर्वी हळदीकुंकवाला साड्यांचे भाव विचारले जायचे, आता रक्ततपासणीतलं टीएसएच विचारतात. ‘तुझं किती आलं गं?’ ‘सहा.’ ‘हात्तिच्या! माझं साडेसात!’ साडेसातवाली जिंकते आणि त्या आनंदात दुसरी पुरणपोळी उचलते. आता तिला कोण बोलणार? तिला थायरॉइड आहे ना!

आणि पुरुषमंडळी मागे आहेत म्हणता? कट्ट्यावर जाऊन बघा. कालपर्यंत क्रिकेट आणि शेअरबाजारावर बोलणारे काका आज ‘लेप्टिन रेझिस्टन्स’ समजावून सांगताहेत. शर्टाची बटणं ताणलीत ती वडापावाने नव्हे हो, घ्रेलिनने! वडापाव बिचारा नुसता साक्षीदार.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. थायरॉइड मंदावला की वजन वाढतं, खरंय. पण किती? अमेरिकन थायरॉइड असोसिएशनचा हिशेब आहे साधारण 5 ते 10 पौंडांचा, म्हणजे फार तर साडेचार किलो, आणि त्यातही बरंचसं मीठ आणि पाणी. मग उरलेले पंधरा किलो कुणाच्या खात्यावर टाकायचे? ‘थायरॉइडमुळे भूक फार लागते हो’ हे तर ऐकतच राहावं. भूक खवळते ती थायरॉइड जास्त धावायला लागला की, आणि तेव्हा माणूस ताटं रिकामी करूनही वाळत जातो. मंदावलेल्या थायरॉइडने भूक बहुधा कमीच होते. पण हे साडेसातवालीला सांगायला जाईल कोण? तुम्ही जाता?

या वेडाला लेप्टिनची फोडणी बसली ती 1994 मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूला, खाऊन खाऊन फुगलेल्या उंदरांमध्ये बिघडलेलं जनुक सापडलं. चरबीच मेंदूला ‘पुरे आता’ असा निरोप धाडते, तो निरोप म्हणजे लेप्टिन. ॲमजेन कंपनीने हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. जग आनंदाने नाचलं. आता टोचा आणि बारीक व्हा! पुढे कळलं, लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन मुळातच भरपूर असतं, मेंदूच ऐकेनासा झालेला असतो. 1999 मध्ये जपान्यांनी जठरातून निघणारं, भूक लावणारं घ्रेलिन शोधलं आणि कट्ट्यावर दुसरा आरोपी हजर झाला.

खरी गंमत पुढेच आहे. उपाशी राहिलं की लेप्टिन घसरतं. मेंदू समजतो, दुष्काळ पडला. तो वरूनच हुकूम सोडतो आणि थायरॉइडची गती उतरते. 1996 मध्ये उपाशी उंदरांना लेप्टिन टोचलं, तेव्हा ही उतरण बरीच थांबली. दहा टक्के वजन उतरवलेल्या माणसांतही थायरॉइडचं टी-थ्री हार्मोन खाली गेलेलं दिसलं आणि लेप्टिनच्या छोट्या मात्रेने ते वर आलं. म्हणजे बघा, लग्नाआधी आठवडाभर काकडी आणि ग्रीन टीवर काढणारी मंडळी स्वतःच्याच हाताने शेगडी बारीक करतात, आणि वर ‘माझा मेटाबॉलिझमच स्लो आहे’ म्हणून डोळे पुसतात!

आणि आपण? आपण कमी का आहोत? 2018 च्या सुमाराला अख्खा महाराष्ट्र डाएटच्या दीक्षित आणि दिवेकर अशा दोन पंथांत वाटला गेला, तेव्हा आपण दोन्ही पंथांची दीक्षा घेतली होती. दोन वेळचं जेवण दीक्षितांचं, मधलं तूप-शेंगदाणे दिवेकरांचे! कुणाचंच मन मोडायचं नाही.

पण हे हार्मोनचं वेड आजचं आहे, असं वाटत असेल तर विसरा. 1891 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईला बरं केलं. औषध आजारासाठी होतं, पण थोड्याच वर्षांत जाड मंडळींनी ते पळवलं. अमेरिकेत ‘मार्मोला’ नावाच्या गोळ्या थायरॉइड घालून वजन उतरवायला विकल्या गेल्या, प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं. 1984-85 मध्ये तर कळस झाला! मिनेसोटाकडच्या खाटीकखान्यात गळ्याचं मांस थायरॉइडसकट खिम्यात गेलं आणि हॅम्बर्गर खाऊन 121 जणांच्या रक्तात थायरॉइडचं हार्मोन भडकलं. छाती धडधडली, झोप उडाली, वजन उतरलं. बर्गर खाऊन बारीक! आपल्या कट्ट्याला ही बातमी वेळेत कळली असती तर चार जणांनी तिकिटंच काढली असती.

आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली. मार्च 2025 मध्ये मौंजारो भारतात उतरलं आणि नवरदेवापासून विहिणीपर्यंत सगळे डॉक्टरांचे नंबर मागायला लागले. विचारलं तर म्हणतात, ‘छे, मी फक्त चालतो.’ ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! त्या औषधाच्या माहितीपत्रकात थायरॉइडच्या गाठींचा इशारा ठळक छापलाय. उंदीरवर्गातल्या प्राण्यांत तशा गाठी दिसल्या, माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. पण घराण्यात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल तर त्या वाटेला जायचंच नाही. हे वाचतं कोण? आपण किंमत वाचतो.

थायरॉइडची गोळीही वजनासाठी नसते, पण लपूनछपून पंचवीसची पन्नास करणारे आहेतच. तीच गोळी उपाशीपोटी घेऊन अर्धा ते एक तास चहा टाळायला सांगा, की लगेच बंड! कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवायचं, तेही कोण पाळतं?

बाकी तुमचं टीएसएच किती, हे आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगालच. फक्त रक्त द्यायला जाण्याआधी निदान दोन दिवस ती केसांची बायोटिनची गोळी बंद ठेवा. तिने रिपोर्ट चुकतो. घेत नाही म्हणू नका, केस दिसताहेत.