शिव्या फुकट, अर्ज १० रुपये

पुढाऱ्यांना शिव्या घालायला आपल्याकडे शुल्क नाही, शब्दमर्यादाही नाही. त्यामुळे हा उद्योग जोरात चालतो आणि पुढाऱ्यांची झोपही छान होते. झोपमोड होते ती माहिती अधिकाराच्या अर्जावरच्या १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पने. हा अर्ज महाराष्ट्रात २०१२ पासून १५० शब्दांत आणि एकाच विषयापुरता लिहावा लागतो. साहेबांना वाचनाचा कंटाळा असावा. (टेंडरची फाईल कितीही जाड असली तरी टक्केवारीचं पान मात्र बरोबर सापडतं.) ३० दिवसांनी ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर आलं की बहुतेक जण पुन्हा शिव्यांकडे वळतात. अपिलाचे २० रुपये तरी वाचतात!

पण २००५च्या माहिती अधिकार कायद्यात कामाची पाहणी करण्याचा, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. आळीतल्या पन्नास जणांनी एकाच आठवड्यात नव्या रस्त्याचा नमुना मागून बघावा. तो काढायला हत्यार लागणार नाही, पहिल्या पावसानंतर चपलेला चिकटूनच येतो. प्रमाणित करून द्यायला मात्र अभियंत्याला भर खड्ड्यात उभं राहावं लागेल, तेही आमदारांच्या ‘विकासकामांचा शुभारंभ’ फलकाखाली.