जवाईबापूंस, कवेलू जागेवर ठेवण्याबाबत

आदरणीय जवाईबापू,

अधिक महिन्याचं वाण, 33 अनारसे आणि सफारीचं कापड घेऊन आपण नागपूरला सुखरूप पोचलात, हे वाचून बरं वाटलं. जवाईबापूंना तोंडावर काही बोलायची रामाकोन्यात कुठल्याच सासऱ्याची प्राज्ञा नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे, चार लोकांनी वाचलं तर माझी हरकत नाही. आमच्या फिशटँकमध्ये आपण ज्या सुधारणा करून गेलात, त्याबद्दल आभार मानायचे आहेत.

मी मागच्या अंगणात रसाचे आंबे घोळत होतो. तेवढ्यात आपण झाकण काढलंत, कोपरापर्यंत हात घातलात आणि दोन कवेलू, नारळाची करवंटी, मडक्याचा फुटका गळा, सगळं ओसरीवर आणून मांडलंत. वर मला हाक मारून सांगितलंत, "मामाजी, आता मासे दिसतात. नाहीतर पैसे पाण्यातच होते."

मासे पाण्यातच असतात, जवाईबापू. पैसेही तिथंच जातात. त्याला इलाज नाही.

तो कचरा नव्हता, एवढं नम्रपणे सांगतो. जुन्या घरावर स्लॅब टाकला तेव्हा उतरवलेल्या कवेलूंतली ती दोन. त्यांच्या कडा मी दगडावर घासून बोथट केल्या होत्या, कारण कोरी नावाचा तो मिशाळ मासा दिवसभर तळ हुंगत फिरतो आणि धारदार कडेनं, टोकदार खडीनं त्याच्या मिशा झिजतात. म्हणूनच तळाला कन्हान नदीची बारीक वाळू आहे, चाळलेली आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुतलेली. कुहली लोच नावाची मासळी त्या वाळूत स्वतःला पुरून घेते. दगडसुद्धा वाटेल तो चालत नाही. आपल्या भागात संगमरवर निघतो. इथल्या खडकांच्या अख्ख्या गटाला भूगर्भशास्त्रात आपल्या सौंसर गावाचंच नाव आहे. असा चुनखडीच्या जातीचा दगड पाण्यात विरघळत राहिला की पाणी जड होतं. म्हणून प्रत्येक दगडावर लिंबू पिळून पाहायचं आणि जो फसफसला तो अंगणात टाकायचा. तुमच्या सासूबाईंना वाटलं होतं मी दगडांची दृष्ट काढतो आहे.

आता 'मासे दिसत नाहीत' या मुख्य तक्रारीकडे येऊ. तळाचा भित्रा मासा बाहेर यावा असं वाटत असेल तर त्याला लपायची जागा जास्त द्यावी लागते, कमी नाही. पळून शिरायला बीळ जवळ आहे, याची खात्री असली तरच तो मोकळ्या वाळूवर हिंडतो. आसरा काढून घेतला की तो धीट होत नाही, फिल्टरच्या मागं काचेला चिकटून बसतो. हे कळायला पुस्तक लागत नाही. कन्हानवरच्या कुठल्याही ढिवराला विचारा, दिवसा वाम कुठं शोधायची. दगडाच्या कपारीत, असंच सांगेल.

मग आपण मोबाईलचा टॉर्च लावलात. माशाला पापण्या नसतात, जवाईबापू. त्याला डोळे मिटून घ्यायचीही सोय नाही. आणि काचेवरच्या टिचक्या? अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या एका रेषेनं मासा पाण्यातला प्रत्येक हादरा टिपतो. म्हणजे आपली टिचकी त्यानं नुसत्या कानानं नाही, अख्ख्या अंगानं ऐकली. त्याच सकाळी आपण जामसावळीला जाऊन आलात. तिथला मारुती आडवा पहुडलेला आहे. त्याच्यापुढं आपण हात जोडून, अगदी दबक्या पावलांनी उभे होतात, असं मुलगी सांगत होती. त्याला टिचकी मारून उठवलं नाहीत, ही गावावर कृपा.

चिवडा टाकलात, तो मी गाळून काढला. वास्तूसाठी फ्लॉवरहॉर्न मासा आणा म्हणालात, ते ऐकून सोडून दिलं. सकर आणा आणि मोठा झाला की कन्हानात सोडा, हा सल्ला मात्र कृपा करून दुसऱ्या कोणाला देऊ नका. दक्षिण अमेरिकेतला तो मासा असाच कुणीकुणी सोडल्यानं उजनीच्या धरणात पोचला आहे आणि तिथले कोळी त्याच्या काट्यांनी फाटलेली जाळी शिवत बसले आहेत.

हे सगळं मी गिळलं असतं. पण तुम्ही झाकण परत लावलं नाहीत. लपायला जागा नाही, डोक्यावर उजेड, म्हणून एक लोच रात्री उघड्या कडेवरून बाहेर पडली. सकाळी स्टँडच्या मागं सापडली, वाळून सुतळीसारखी झालेली. बोटभर जीव, त्याला काय किंमत, असं तुम्ही म्हणाल. म्हणूच नका. इंडोनेशियाकडच्या ओढ्यांतली ती जात, आमच्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात मी टाकीभोवती ओली पोती बांधून आणि पंखा लावून जगवली होती. तुम्हाला एक झाकण लावता आलं नाही!

थांबतो. तुमच्या सासूबाई मागून वाचताहेत. त्या म्हणतात, हेही लिहा.

त्या दिवशी तुम्हाला बैठकीत मधोमध पाटावर बसवलं होतं. आत्या-माम्या चारी बाजूंनी, दोघी व्हिडिओ काढत. पगार किती, फ्लॅट कधी, पाळणा कधी, अजून एक पुरणपोळी. तुम्ही मोबाईल चार्जिंगचं निमित्त करून माडीवर गेलात, तर माझ्या मेहुणीनं तुम्हाला तिथूनही खाली आणलं. मग तुम्ही टाकीसमोर जाऊन उभे राहिलात. अख्ख्या घरात लोकांकडं पाठ करून उभं राहता येईल अशी तेवढी एकच जागा होती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, असं त्यांचं मत आहे. मला ते पटलं, रागासकट पटलं.

कवेलू परत लावली आहेत. पुढच्या खेपेला रात्री नऊनंतर या, ट्यूबलाइट बंद करून ठेवतो. तळाशी बुडणाऱ्या गोळ्या टाकल्या की थोड्या वेळानं सगळे बाहेर येतात. समोर स्टूल एकच मावतं, त्यामुळे शेजारी बसून कोणी पगार विचारणार नाही. टॉर्च तेवढा सासूबाईंकडं जमा करून आत यायचं.

आपला,
सासरा,
रामाकोना