पिणार आहात का?

पुण्याच्या थंडीचा विक्रम १७ जानेवारी १९३५चा. शिवाजीनगरच्या वेधशाळेत त्या दिवशी पारा १.७ अंशांवर उतरला होता. तेव्हासुद्धा पाणी पाणीच राहिलं. पुण्यात गोठतात ते फक्त न कळवता आलेले पाहुणे.

तरीही आमच्या शहरात अँटिफ्रीझ मुबलक खपतं. इकडे त्याला कूलंट म्हणायचं आणि ते गोठू नये म्हणून नव्हे, उकळू नये म्हणून घालायचं: कात्रजच्या चढासाठी, आणि त्याहून जास्त विद्यापीठ चौकातल्या सिग्नलसाठी. डब्यावर मात्र थेट हिमालय. पांढरं शिखर आणि पायथ्याशी सुसाट निघालेली लाल गाडी. रस्ता रिकामा आहे, त्या अर्थी चित्र पुण्यातलं नाही.

निवृत्त माणसाला वाचायला काहीही चालतं. असा एक लिटरचा डबा मी परवा नाना पेठेत उभ्या उभ्या वाचून काढला. मागच्या बाजूला किंमत, सर्व करांसहित. माल किती, कुठल्या महिन्यातला, तक्रार कुठल्या नंबरवर करायची, सगळं होतं. मग इंजिनाचं आयुष्य कसं वाढेल यावर छोटासा निबंध. माणसाच्या आयुष्याबद्दलची ओळ सगळ्यात खाली, मुठीच्या वळणात, भिंग लागेल अशा इंग्रजी अक्षरांत. तिच्या पहिल्या भागावर दुकानदाराने आपलं किमतीचं स्टिकर डकवलेलं. कडेतून ‘फुल इफ स्वॅलोड’ एवढंच दिसत होतं. प्यायल्यास पोट भरतं, अशी कंपनीची हमी असावी.

मी दुकानदारांना म्हटलं, “अहो, हे विषारी असतं ना? मग ठळक का नाही लिहीत?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “गाडीत घालायचंय ना?”

“हो.”

“मग? पिणार आहात का?”

नाना पेठेत या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, पैसे द्यायचे असतात. पण उत्तर आहे. आतलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड. मुळात ते पाण्यासारखं; गळती दिसावी म्हणून कंपन्या त्यात हिरवा नाहीतर गुलाबी रंग घालतात, आणि मग ते थेट खसाच्या किंवा गुलाबाच्या सरबताच्या रांगेत जाऊन बसतं. मोठ्या माणसाचा जीव जायला साधारण शंभर मिलिलिटर पुरतं, अमृततुल्यात एक चहा मिळतो तेवढं. लहान मुलाला त्याहून फार कमी. पोटात गेल्यावर पहिले काही तास माणूस प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, त्यामुळे घरच्यांचा संशय भलतीकडेच जातो. तोवर यकृत त्याचं आम्ल करत असतं. शेवटच्या ऑक्झॅलिक आम्लाचे कॅल्शियमबरोबर खडे बनतात, मूत्रपिंडात अडकतात आणि लघवी बंद होते.

डॉक्टरांकडे यावर फोमेपिझोल नावाचं औषध असतं. ते नसेल तर जुना उतारा म्हणजे अल्कोहोल. यकृतातलं जे विकर दारू पचवतं तेच ग्लायकॉलही फोडतं. त्याला दारूच्या कामाला जुंपलं की ग्लायकॉल न फुटता राहतं आणि डायलिसिसने बाहेर काढता येतं. हा उपचार दवाखान्यातच, मोजून मापून करायचा असतो. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्या कट्ट्यावर ही माहिती निघताच दोघांनी खबरदारी म्हणून आधीच उतारा घेऊन ठेवायची तयारी दाखवली.

आता भाषेचं. दुकानाची पाटी मराठीत हवी, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, असा राज्याचा कायदा आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सप्टेंबर २०२३मध्ये न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं. चांगलंच झालं. पण वेष्टनावरचा मजकूर २०११च्या केंद्रीय नियमांप्रमाणे हिंदीत किंवा इंग्रजीत असला की झालं, मराठी ऐच्छिक. म्हणजे दुकान कुणाचं आहे हे मला मातृभाषेत, हातभर अक्षरात कळलंच पाहिजे. मरण कशाने येईल हे इंग्रजीत, जमल्यास. सिगारेटच्या पाकिटावर २०१६पासून ८५ टक्के जागा इशाऱ्याची, चित्रासकट. सिगारेट ओढणाऱ्याला काय होणार ते ठाऊक असतं, तरी एवढी सरबराई. कूलंट पिणाऱ्याला ठाऊक नसतं, त्याची बोळवण स्टिकरखाली.

कुत्र्यामांजरांना तर कुठलीच भाषा येत नाही. गॅरेजवाला रेडिएटर रस्त्यातच रिकामा करतो, खड्ड्यात गोड तळं साचतं, आणि रात्री गल्लीतली मांजरं ते चाटतात. मांजराला चहाचा एक-दीड चमचा बस होतो. त्यांच्यासाठी इशारा चवीतच घालावा लागतो. तसा पदार्थही आहे, डिनॅटोनियम. १९५८ साली एडिंबरोत सापडलेला, जगातल्या सर्वांत कडू पदार्थांपैकी एक. अमेरिकेत ओरेगॉनने १९९१मध्ये कायदाच केला, २०१२मध्ये तिथल्या उत्पादकांनी देशभर तो घालायचं कबूल केलं. खरं सांगायचं तर त्याने मुलांच्या विषबाधा कमी झाल्याचं पुढे आकड्यांत काही दिसलं नाही. कडू कळेपर्यंत पहिला घोट गेलेला असतो. तरी निदान दुसरा तरी कुणी घेणार नाही.

इथवर गंमत. कारण इथवर डब्यात विष आहे आणि डब्यावर, बारीक का होईना, विष लिहिलंय. याचा एक सख्खा भाऊ आहे, डायइथिलीन ग्लायकॉल. तोही गोड, तोही स्वस्त, ब्रेक ऑइलमध्ये असतो. त्याला स्वतःच्या नावाने फिरायची आवडच नाही. १९८५मध्ये तो ऑस्ट्रियाच्या वाइनमध्ये सापडला, चव गोडसर करायला घातलेला. जगभर बोंबाबोंब झाली. त्यात कुणी दगावलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९८६च्या सुरुवातीला, तो मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आला. औषधी ग्लिसरीन असं नाव लावून. मेंदूवरचा दाब कमी करायला रुग्णांना ते पाजलं गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, चौदा जण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. अन्न व औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची त्यांनी अशी हजेरी घेतली की आरोग्यमंत्री भाई सावंतांना खुर्ची सोडावी लागली. पुढे काय झालं? खुर्ची भरली.

आणि २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. खोकल्याचं औषध घेतलेली, लघवी बंद झालेली. वीसहून जास्त दगावली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपचा नमुना तमिळनाडूत तपासला, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. चालतं ०.१ टक्का. निम्मी बाटली ब्रेक ऑइलची. लेबलवर मात्र औषध, बॅच नंबर, मुदत. नाना पेठेतल्या त्या दुकानदारांचा प्रश्न मला तिथे विचारावासा वाटला, पण या वेळी उत्तर सरळ होतं: हो, पिणार होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, आयांनी चमच्याने मोजून दिलं होतं.

आपल्याकडे लेबलं कमी पडतात असं मला वाटत नाही. लेबलं भरपूर आहेत, कायदेशीर आहेत. आतल्या मालाशी त्यांची ओळख करून द्यायची तेवढी राहून जाते.

डबा घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. पोरगा हुशार. त्याने रेडिएटर बघता बघता भरला. डब्यात पाव लिटरभर उरलं, तर म्हणाला, “काका, डबा मला ठेवू द्या, ग्रीस ठेवायला बरा. तुमचं यात देतो.” फळीवरून त्याने आंब्याच्या पेयाची रिकामी बाटली काढली, फडक्याने पुसली, उरलेलं हिरवंगार कूलंट तिच्यात ओतलं आणि बूच घट्ट लावून माझ्या हातात दिली. सवयीने मी तीही वाचली. एवढं नीटनेटकं लेबल मी दिवसभरात पाहिलं नव्हतं. चौदा आकडी परवाना क्रमांक, साखर किती, उष्मांक किती, थंड करून प्या, आणि कोपऱ्यात चौकोनातला हिरवा ठिपका. शाकाहारी.